उशीखालची भाकरी आणि ओले अंथरूण



दत्तक मूल घरी येते त्या दिवशी पेढे वाटले जातात, आळीतल्या बायका बघायला येतात, फोटो निघतात. पंधरा दिवस असे आनंदात जातात. मग घरात कुजबुज सुरू होते. तीन वर्षांची पोर रोज अंथरूण ओले करते. चार वर्षांचा मुलगा शी लागली तरी सांगत नाही, चड्डीत करतो आणि कपाटामागे जाऊन उभा राहतो. एखादे मूल ताटावरून उठतच नाही, पोट टम्म फुगून उलटी होईपर्यंत खाते. एखादे गालात घास धरून तासभर बसते. अंथरूण झाडताना उशीखाली वाळलेली भाकरी सापडते. अशा वेळी आईबाप गोंधळून जातात आणि नातेवाइकांच्या जिभेला धार येते.

या विषयावर आमच्याकडे पत्रे आली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे-गावे आम्ही छापणार नाही. एका भगिनीने लिहिले आहे, "सासूबाई म्हणतात, कुणाचं रक्त कोण जाणे, याला वळण लागायचं नाही." एका वडिलांनी विचारले आहे, "मुलगा संस्थेत परत नेऊन द्यावा का?" या दुसऱ्या पत्रामुळे हा विषय आजच घ्यावा असे आम्ही ठरवले. एकदा टाकलेले मूल दुसऱ्यांदा टाकले जाते, आणि कारण काय, तर ओली गादी! असे कोणत्याही घरात होऊ नये म्हणून चार गोष्टी नीट समजून घेऊ.

रक्ताचा दोष नाही, शरीराची सवय आहे

आपल्या घरात जन्मलेले मूल शी-शू सांगायला कसे शिकते? ते चुळबुळ करू लागले की आई ओळखते, "शू आली का रे?" म्हणून उचलते, मोरीत बसवते. असे शेकडो वेळा होते तेव्हा मुलाच्या ध्यानात येते की पोटात असे वाटले म्हणजे आईला सांगायचे. शिशुगृहात एका बाईच्या अंगावर अनेक मुले असतात. ती कितीही मायाळू असली तरी तिला हात दोनच. म्हणून मुलांना ठरलेल्या वेळी ओळीने भांड्यावर बसवतात, रात्री लंगोट बांधतात. अशा मुलाला "मला लागली" हे सांगण्याची कधी गरजच पडलेली नसते. आणि सांगायचे तरी कुणाला? दर पाळीला बाई बदलते.

जेवणाचेही तसेच. घाईघाईने भरवायचे म्हणून खिमट, पातळ खिचडी, बाटलीतले दूध. चावण्याचा सराव होत नाही. मुले साधारण सहा महिन्यांची झाल्यावर वरचे अन्न घेऊ लागतात आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत मऊ गाठी, कण, तुकडे जिभेवर खेळवायला शिकतात. तो काळ नुसत्या पातळावर गेला तर पुढे भाताचे शीतही घशाशी टोचते. काही मुले संस्थेत येण्यापूर्वी उपाशी राहिलेली असतात. पोटाने एकदा उपास पाहिला की ताट भरलेले असूनही त्याचा विश्वास बसत नाही. उशीखालची भाकरी ही चोरी नव्हे. ती त्या जिवाने उद्यासाठी केलेली तरतूद आहे.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. १९८९ च्या डिसेंबरात रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तेथील अनाथालयांची दैना जगापुढे आली. दुपट्यात पडून राहिलेली, बाटलीवर आणि पातळ लापशीवर जगलेली कितीतरी मुले नंतर इंग्लंडमधील घरांत दत्तक गेली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. दोन वर्षांची होण्याआधी इंग्लंडमध्ये आलेल्या १११ मुलांची पाहणी त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. येताना त्यांतील निम्म्या मुलांचे वजन अगदी तळाचे होते. चार वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळी भरून निघाली होती. मात्र चावण्या-गिळण्याची अडचण काही मुलांत त्यानंतरही मागे राहिली. म्हणजे पोट लवकर भरते, पण सवय आणि भीती जायला वेळ लागतो. रक्त तेच राहिले, घर बदलले आणि मुले बदलली. जन्मावरून माणसाची किंमत करणे किती घातक, हे आपल्या समाजाला कुणी नव्याने सांगायला नको. मग ते माप आपल्याच घरातल्या लेकराला कसे लावायचे?

नात्यातले मूल दत्तक घेतले असेल, बहिणीच्या किंवा भावजयीच्या मृत्यूनंतर पदरात आले असेल, तर कारण वेगळे असते. ते मूल आईच्या हातचे जेवलेले असते आणि आता ती दिसत नाही. जेवण नाकारणे, सुटलेली शू पुन्हा सुरू होणे ही त्याची दुःख सांगण्याची भाषा असते. उपाय मात्र बरेचसे तेच आहेत.

आधी डॉक्टरांकडे

वळण लावायला निघण्यापूर्वी मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जवळ तज्ज्ञ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. रक्त कमी आहे का, जंत आहेत का, लघवीत दोष आहे का, पोटात कडक शी साचली आहे का, हे पाहून घ्यावे. जंतांचे औषध १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत सरकारतर्फे मिळते, ते चुकवू नये. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजावे. अशा मुलाला घरी तूप-साखर चारून एकदम पुष्ट करायला जाऊ नये. ते जिवावर बेतू शकते. त्याचे खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावे लागते.

मूल प्रत्येक घोटाला ठसकत असेल, वजन वाढत नसेल, शीतून रक्त जात असेल तर थांबू नका. कोरडे राहणारे मूल अचानक वारंवार शू करू लागले, सारखे पाणी मागू लागले आणि वाळू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. लहान मुलांनाही मधुमेह होतो.

ताटाशी भांडण नको

तोंड आणि पोट ही दोनच ठिकाणे अशी आहेत की जिथे लहान मुलाची सत्ता चालते. तुम्ही घास कोंबाल, ते थुंकेल. तुम्ही भांड्यावर दाबून बसवाल, ते आवळून धरील. या लढाईत मोठा माणूस जिंकत नाही आणि जिंकला तरी मूल हरवून बसतो. म्हणून लढाईच करू नये.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी घरोघर पाळता येईल असा एक नियम सांगितला आहे. काय शिजवायचे, कधी वाढायचे आणि कुठे बसायचे हे आईबापांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. ऐकायला सोपे, पण पाळताना हाताला आवर घालावा लागतो.

आधाशासारखे खाणाऱ्या मुलाला काय हवे असते? खात्री. म्हणून दर अडीच-तीन तासांनी त्याला काहीतरी मिळालेच पाहिजे. सकाळी न्याहारी, मधे फळ, दुपारी जेवण, चार वाजता खाऊ, रात्री जेवण. वेळा चुकवू नका. दोन पोळ्या वाढायच्या तर चार पोळ्या दुरडीत त्याला दिसतील अशा ठेवा. "बस झालं, किती खातोस!" असे म्हणण्याऐवजी "आणखी आहे, चार वाजता परत खायचंय," असे म्हणा. एक छोटा डबा त्याच्या नावाचा करा. त्यात दशमी, राजगिऱ्याचा लाडू, केळे असे काही ठेवा आणि डबा त्याच्या हाताला लागेल असा खाली ठेवा. रात्री झोपताना तो डबा उशाशी हवा असेल तर असू द्या. डबा रिकामा दिसला की न बोलता भरा. उशीखालची भाकरी काढून टाकायची तर त्याच्या देखत त्या जागी ताजी ठेवा. "मुंग्या येतील, ही डब्यात ठेवू," एवढेच बोला. डबा रोज भरलेला सापडतो हे पुरते पटायला महिने लागतात. मग एके दिवशी मूल डबा विसरून खेळायला जाते. दाणे, फुटाणे मात्र चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या डब्यात ठेवू नका. ते श्वासनळीत अडकतात.

न खाणाऱ्या मुलाला पायरीपायरीने न्यावे. पहिले काही आठवडे त्याला संस्थेत जे मिळत होते तेच, तसेच द्या. चव तुमच्या घरची नसली तरी चालेल. मग खिचडी जरा घट्ट करा. मग वरण-भात बोटांनी कुस्करून द्या. मग भाकरी दुधात किंवा रश्शात भिजवून, उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा, शिजलेला बटाटा. नवा पदार्थ ताटाच्या कडेला थोडासा ठेवा आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नका. मूल त्याला बोट लावील, हुंगील, टाकून देईल. दहा-पंधरा वेळा असे झाल्यावर कधीतरी तोंडात घालील. त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या. भात अंगावर, जमिनीवर सांडेल. सतरंजीऐवजी जुने मेणकापड अंथरा म्हणजे तुमचा जीवही खालीवर होणार नाही. ताट अर्ध्या तासात उचलावे. पुढची वेळ दोन-अडीच तासांनी आहेच.

दूध मुलाला पौष्टिक, अशी आपली समजूत. पण दिवसाकाठी अर्ध्या लिटरच्या वर दूध गेले तर जेवणाची भूक मरते, रक्त कमी होते आणि शी कडक होते. वर्षावरच्या मुलाचे बाटलीतले दूध हळूहळू कमी करून कपावर आणावे. मात्र रात्रीची एक बाटली हाच ज्याचा आधार आहे, त्याची ती सगळ्यांत शेवटी सोडवावी, आणि तीही मांडीवर घेऊन पाजावी.

नाक दाबून भरवणे, "नाही जेवलास तर पोलिसाला देईन", "शी केलीस, आता जेवण बंद" हे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. इतर मुले ते विसरतही असतील. पण ज्या मुलाने खरोखर उपास काढला आहे आणि ज्याला खरोखर कुणीतरी देऊन टाकले आहे, त्याला ही थट्टा वाटत नाही.

शी-शूचे वळण

मूल घरी आल्यावर लगेच वळण लावायला बसू नये. निदान महिना-दोन महिने लंगोट, चड्ड्या बदलत राहा. संस्थेत कोरडे राहणारे मूलही नव्या घरात ओले करते. हे अपेक्षितच आहे. दोन-दोन तास कोरडे राहू लागले, ओले झाल्यावर येऊन दाखवू लागले, म्हणजे तयारी झाली असे समजा.

मग सकाळी उठल्यावर आणि प्रत्येक जेवणानंतर वीस मिनिटांनी पाच मिनिटे बसवा. जेवणानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते, त्याचा फायदा घ्यायचा. बसवताना दोन्ही पाय जमिनीवर किंवा पाटावर घट्ट टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर जोर करता येत नाही. झाले तर "छान", नाही झाले तरी "चला, खेळायला." वस्तीतल्या सार्वजनिक संडासात अंधार, घाण, मोठे भोक, बाहेर रांग; तिथे लहान जीव घाबरणारच. पाच वर्षांपर्यंत घरात मोरीजवळ भांडे ठेवावे. पाण्याच्या नळाचा किंवा फ्लशचा आवाज झाला की किंचाळणारी मुले असतात. त्यांना आधी बाहेर आणून मग पाणी टाकावे.

रात्रीचे अंथरूण हा वेगळा विषय आहे. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात, मग ती कुणाच्याही पोटची असोत. पाच वर्षांपर्यंत त्यावर औषधही करत नाहीत. दिवसा पाणी भरपूर द्यावे, झोपण्याआधी तासभर कमी करावे, चहा देऊ नये, झोपताना शू करवावी. गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या साडीची गोधडी. पाण्याची टंचाई असलेल्या वस्तीत रोज गोधडी धुणे सोपे नाही हे आम्ही जाणतो. म्हणून गोधडीवर दुपट्याच्या दोन-तीन घड्या टाका, म्हणजे तेवढीच घडी धुता येईल. ती चाळीच्या गॅलरीत वाळत घालताना "बघा, आमच्या बाईसाहेबांचा प्रताप" असे शेजारणीला सांगू नका. मूल ऐकत असते.

एक गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते, म्हणून ती सविस्तर सांगतो. मूल दिवसातून पाच-सहा वेळा चड्डीला पातळ शी लावते. आईला वाटते जुलाब झालेत किंवा मुद्दाम करतो. बहुतेक वेळा ते खरे बद्धकोष्ठ असते. कधीतरी शी कडक झालेली असते, करताना दुखलेले असते, म्हणून मूल दाबून धरते. दाबलेली शी आत साचून आणखी कडक होते. मोठे आतडे शेवटाशी ताणले जाते आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मोरीच्या नळीत बोळा अडकला की पाणी कडेने झिरपते, तशी पातळ शी त्या गोळ्याच्या कडेने गळते. मुलाला ती कळत नाही आणि थांबवताही येत नाही. अशा मुलाला मारणे म्हणजे सर्दी झाली म्हणून मारणे. साचलेल्या गोळ्याचा दाब मूत्राशयावर पडून अंथरूण ओले होते आणि भूकही मरते. म्हणजे तिन्ही तक्रारींचे मूळ कधीकधी एकच निघते.

यावर डॉक्टर शी मऊ करणारे औषध देतात. ते महिनोन्‌महिने घ्यावे लागते. चार दिवसांत बरे वाटले म्हणून बंद केले की पुन्हा गोळा बसतो. त्या औषधाची सवय लागते ही भीती मनातून काढा. सोबत पाणी, पालेभाजी, पपई, केळे, ज्वारी-बाजरीची भाकरी. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ घालणे हे घरगुती उपाय करू नका. आधीच दुखलेली ती जागा, त्यात तुमच्या हाताची भीती बसली तर मूल आणखी आवळून धरील. चटका देण्याचा धाक तर कुणी स्वप्नातही घालू नये.

शी भिंतीला फासणारी मुलेही असतात. ओरडू नका, हसूही नका. हात धुवा, भिंत पुसा आणि दुपारी त्याला कणकेचा गोळा किंवा ओली माती खेळायला द्या. मात्र कपडे काढताना मूल थरथर कापत असेल, त्या जागी जखम दिसत असेल किंवा वयाला न शोभणारे खेळ करत असेल, तर त्याच्यावर पूर्वी काही वाईट प्रसंग गुदरला असण्याची शक्यता ध्यानात घ्या. त्याला खोदून विचारू नका. डॉक्टरांशी बोला आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर सल्ला घ्या.

घरातल्यांनी काय करावे

हे सगळे एकट्या आईच्या गळ्यात घालू नये. रात्री ओले दुपटे बदलण्याची पाळी वडिलांनीही घ्यावी. मूल रात्री वडिलांच्या हाताने कोरडे झाले तर त्याला कळते की हा माणूसही आपला आहे. सासूबाईंना वाद घालून जिंकता येत नाही. त्यांना काम द्यावे. "आई, तुमच्या हातची मऊ भाकरी तो खातो, दुपारचं जेवण तुम्हीच बघा," म्हटले की टोमणे निम्मे कमी होतात. पाहुण्यांसमोर मुलाच्या शी-शूची चर्चा कोणीही करायची नाही, असा घराचा एकच नियम असावा.

संस्थेतून मूल आणायच्या आधी तेथील बाईंना विचारून घ्या: काय खाते, कशात खाते, किती वाजता खाते, कुठे शी करते, काय म्हणून सांगते, कोणते गाणे म्हटले की झोपते. त्याची वापरलेली वाटी, चादर मिळाली तर न धुता आणा. नव्या कपड्यांपेक्षा तो ओळखीचा वास त्याला पहिल्या रात्री जास्त उपयोगी पडतो.

आता कायद्याचे. हिंदू दत्तक व पोषण कायदा १९५६ चा. तो बौद्धांनाही लागू आहे आणि नात्यातली दत्तके बहुधा त्याखाली होतात. संस्थेतून मूल घ्यायचे ते २०१५ च्या बालन्याय कायद्याने आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीने. या नियमावलीप्रमाणे मूल ताब्यात आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी मुलाची पाहणी होऊन अहवाल तयार होतो. पुष्कळ आईबाप त्या दिवशी गादी लपवतात आणि मुलाला नवा ड्रेस घालून बसवतात. मूल काढून नेतील अशी त्यांना धास्ती वाटते. ही धास्ती सोडा. अंथरूण ओले होते, भाकरी लपवतो, मला राग येतो, एकदा हात उगारला गेला, हे सगळे समाजसेविकेला सांगा. समुपदेशन मागा. लपवत लपवत थकलेले घरच शेवटी "परत देऊ का?" या प्रश्नापाशी येते.

पत्र लिहिणाऱ्या त्या वडिलांना आमचे उत्तर असे. मुलगा परत नेण्याआधी तीन कामे करा. या आठवड्यात डॉक्टरांकडून त्याचे पोट तपासून घ्या. संस्थेच्या समाजसेविकेला निरोप धाडा. आणि आजपासून तीन महिने घरात शी, शू आणि ताट या तीन कारणांवरून आवाज चढवायचा नाही असे दोघे नवरा-बायको ठरवा. रोज रात्री एका वहीत लिहा: आज किती वेळा, किती खाल्ले. तीन महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून वाचा, आणि मग आम्हांला पुन्हा पत्र टाका.

ज्यांना याच विषयावर काही विचारायचे असेल त्यांनी जरूर लिहावे. नाव छापले जाणार नाही.